पोस्टमास्तरचं काय?

“आणि मग कोर्टात उभं कोण राहिलं?” बाईंनी विचारलं.

“मास्तरीण!” शर्वरी म्हणाली. “तिथल्या शाळेतली तरुण मास्तरीण. भरल्या कोर्टात एकटी उभी राहिली, बाई. न्यायाधीश म्हणाला खाली बस. नाही बसली.”

बाई सुपातली ज्वारी निवडत होत्या. एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

“पुढे?”

पुढचं मास्तरणीचं भाषण शर्वरीला पाठ होतं. तिनं ते उभं राहून म्हटलं. जिथे आवाज चढवायचा तिथे चढवला, जिथे थांबायचं तिथे थांबली. शेवटच्या वाक्याला तिचे डोळे भरून आले.

बाईंनी ती डोळे पुसेपर्यंत वाट पाहिली. मग आणखी थोडी.

तपस्विनी सुभद्राबाई खैरगव्हाणच्या टेकडीवर, महानुभावांच्या आश्रमात राहत. दीक्षा घेण्याआधी त्यांनी अमरावतीला कॉलेजात इंग्रजी शिकवलं होतं. दीक्षेनंतर त्यांचं इंग्रजी बोलणं सुटलं, वाचणं मात्र सुटलं नव्हतं. कुणी पुस्तक आणून दिलं की त्या दुपारच्या वेळी ओसरीवर बसून ते संपवत.

शर्वरी इंगोले टेकडीखालच्या गावातली. तालुक्याला एम.ए. करत होती. वक्तृत्वात तिच्यापुढे कुणी टिकत नसे, आणि हे तिलाही ठाऊक होतं. गुरुवारी विद्यापीठात परिसंवाद होता. अमेरिकेतल्या एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर तिला बोलायचं होतं. तिनं आठवड्यापूर्वीच पुस्तक बाईंना वाचायला दिलं होतं आणि आज ती भाषण तपासून घ्यायला आली होती.

तिनं पिशवीतून कागद काढले, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, “कागद राहू दे. तोंडानं सांग. काय झालं त्या पुस्तकात?”

शर्वरीनं सांगितलं होतं. कापसाच्या मुलखातलं एक गाव. गावात गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी. एक काळा माणूस विहिरी खणायचा. एका संध्याकाळी गावातली कापसाची जिनिंग गिरणी जळाली आणि लोकांनी त्यालाच धरलं. तो त्या संध्याकाळी शेजारच्या गावात होता. ते कुणी ऐकलं नाही. त्याला फाशी झाली.

“छान बोलतेस,” बाई आता म्हणाल्या.

शर्वरी बसली. पाणी प्यायली. तिला अजून ऐकायचं होतं.

“मास्तरणीबद्दल बोललीस. न्यायाधीशाबद्दल बोललीस. बाहेर दगड घेऊन उभ्या असलेल्या लोकांबद्दल तर फार चांगलं बोललीस.”

“हो ना, बाई?”

“पोस्टमास्तरचं काय?”

“कोण?”

“पोस्टमास्तर.”

“तो… तो तर अगदी लहान आहे. दोन पानांत येतो आणि जातो.”

“त्या संध्याकाळी त्या माणसानं शेजारच्या गावात त्याच्याच खिडकीवर टपालाचं तिकीट घेतलं होतं.”

“हो.”

“म्हणजे तो कुठे होता, हे एकट्या पोस्टमास्तरला ठाऊक होतं.”

“हो, बाई. पण कादंबरीचा विषय मोठा आहे. वंश, सत्ता, न्यायव्यवस्था… वीस मिनिटांत एवढ्याशा पात्राला कुठे जागा देऊ?”

बाईंनी सूप पाखडलं. कोंडा उडाला.

“तुला तो आवडला नाही?”

“आवडायचा प्रश्नच नाही. भित्रा माणूस आहे. त्याच्यावर काय बोलायचं?”

“शिव्या तरी द्यायच्यास. दगड मारणाऱ्यांना दिल्यास तशा.”

शर्वरी कागद पिशवीत सारू लागली.

“त्याला एकट्यालाच सोडलंस,” बाई म्हणाल्या. “का गं?”

…

आश्रमाच्या मागे कुणीतरी बादली आपटली. शर्वरीनं तिकडे पाहिलं.

बाईंनी सूप खाली ठेवलं. पदर सावरून त्या ताठ बसल्या.

“हे बघ. मी वकील. तू पोस्टमास्तर. तिथे, खांबापाशी उभी राहा.”

“बाई, नाटक कशाला…”

“वक्तृत्वाच्या ढाली मिळवतेस ना? उभी राहा.”

शर्वरी हसत उठली आणि खांबाला टेकून उभी राहिली. हात पाठीमागे घेतले, हनुवटी वर केली. तिला असलं काही जमायचं.

बाईंचा आवाज बदलला. तो आवाज अमरावतीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असेल.

“आरोपीकडे बघा. त्या संध्याकाळी हा माणूस तुमच्या नजरेला पडला होता?”

शर्वरीनं तोंड उघडलं.

“गर्दी होती,” ती म्हणाली. “लक्ष नाही गेलं.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“पुस्तकात हे वाक्य नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “तो म्हणतो, मला आठवत नाही. त्याच्या खिडकीवर तेव्हा कुणीच नव्हतं. गर्दी नव्हतीच.”

शर्वरीचे हात पाठीमागून सुटले.

“कुठली गर्दी, शर्वरी?”

…

ती खांबाला धरून खाली बसली. बराच वेळ फरशीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग बोलली. हा आवाज भाषणातला नव्हता.

“आमच्या संत्र्याच्या बागेतली मोटार गेली, बाई. मागच्या आठवड्यात, एका संध्याकाळी. विहिरीवरची. मोठेबाबांनी तक्रार दिली.”

मोठेबाबा म्हणजे तिचे थोरले काका, गोवर्धन इंगोले. घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. शर्वरीचे वडील लवकर गेले. तिला शिकवलं ते मोठेबाबांनीच.

“पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सुरमलला उचललं. गायरानात पारध्यांची पालं आहेत ना, तिथला सुरमल पवार. कुणी काही पाहिलं नव्हतं. पण चोरी झाली की आधी पालांवरच जातात. नेहमीचंच आहे.”

“नेहमीचंच,” बाई म्हणाल्या.

“तो म्हणाला, मी त्या संध्याकाळी गावात नव्हतो. तालुक्याहून येणाऱ्या एसटीत होतो. इंगोल्यांची पोरगी होती त्याच गाडीत, तिला विचारा.”

“होता?”

शर्वरीनं मान हलवली.

“खिंडीत गाडी बंद पडली. अंधार पडेपर्यंत तिथेच होतो सगळे. पुरुष खाली उतरून धक्का देत होते. तोही देत होता. त्याची लेक तापानं फणफणलेली. तिला दवाखान्यात नेऊन आणली होती. धक्का द्यायला उतरताना ती त्यानं माझ्या मांडीवर दिली.”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी ओढणी ओली करून तिच्या कपाळावर ठेवली, बाई. झोपली ती. गाडी गावात आली तेव्हा त्यानं तिला हळूच उचललं, जाग येऊ नये म्हणून.”

बाईंनी सूप पुन्हा जवळ ओढलं.

“त्याला उचललं त्या रात्री जेवताना मोठेबाबांनी विचारलं. तो पारधी तुझं नाव घेतोय, होता का गं गाडीत? सगळे जेवत होते. चुलतभाऊ, आई, बागेचे दोन भागीदार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भागीदार म्हणाला, पोरीचं नाव ठाण्यात कशाला, साहेब. आई म्हणाली, तिला काय माहीत असणार. आणि मी…”

…

“मी म्हणाले, गर्दी होती. लक्ष नाही गेलं. इतकं सोपं होतं ते, बाई. त्यांनी परत विचारलंसुद्धा नाही. सगळे पुन्हा जेवायला लागले. मीही जेवले.”

“आणि मग वर जाऊन मास्तरणीचं भाषण पाठ केलंस.”

शर्वरीनं ओंजळीत तोंड लपवलं. या वेळी रडताना तिनं आवाज दाबून धरला.

बाईंनी तिला थोपटलं नाही. ज्वारी डब्यात ओतली, झाकण लावलं.

बऱ्याच वेळानं शर्वरीनं विचारलं, “मास्तरीण माझ्या जागी असती तर काय केलं असतं तिनं?”

“ती पुस्तकात आहे,” बाई म्हणाल्या.

“मग मी काय करू?”

बाई उठल्या. आत गेल्या आणि झोळी खांद्याला अडकवून बाहेर आल्या.

“बाई?”

“माझ्या गुडघ्याचं औषध संपलंय. तालुक्याला जाते. एसटी यायची वेळ झाली.”

त्या पायऱ्या उतरायला लागल्या. शर्वरी क्षणभर ओसरीवर उभी राहिली. मग तिनं चपला घातल्या आणि धावत त्यांना गाठलं.

गाडीत दोघी शेजारी बसल्या. बाई बोलल्या नाहीत. खिंड आली तेव्हा शर्वरीनं खिडकीकडून तोंड फिरवलं.

स्टँडवर उतरून बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि औषधाच्या दुकानाच्या दिशेनं निघून गेल्या. ठाणं उलट्या बाजूला होतं.

शर्वरी एकटीच गेली.

ठाण्याच्या फाटकाशी एक बाई जमिनीवर बसली होती. तिच्या मांडीवर तीच पोर. पोरीनं शर्वरीला ओळखलं आणि हसली. शर्वरीला हसता आलं नाही.

फौजदार चहा घेत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

“ताई, तक्रार तुमच्याच घरची आहे. तुमच्याच काकांनी सांगितलं, पोरीनं काही पाहिलेलं नाही.”

“मी खोटं बोलले होते.”

“घरी जा. काकांशी बोला. शिकलेल्या आहात, चांगल्या घरच्या आहात. कोर्टात साक्षीला उभं राहावं लागेल, माहीत आहे?”

“राहीन.”

“उलटतपासणीत वकील काय काय विचारतात, कल्पना आहे?”

“नाही,” शर्वरी म्हणाली. “पण तो गाडीत होता. त्याची मुलगी माझ्या मांडीवर होती. लिहून घ्या.”

फौजदारानं लिहून घेतलं नाही. त्यानं फोन केला.

मोठेबाबा मोटारसायकलवरून आले. उन्हानं चेहरा लाल झाला होता. दारातच थांबले. फौजदारानं त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

“मी तुला विचारलं होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“तुझ्या तोंडावर विचारलं होतं. माहीत असतं तर मी त्याचं नाव पुढे येऊ दिलं असतं?”

शर्वरी खाली बघत होती. मग तिनं वर पाहिलं.

“खरं सांगू, मोठेबाबा? मला वाटलं, तुम्हाला तेच उत्तर हवंय.”

पंखा तेवढा फिरत होता.

मोठेबाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पुसत राहिले. मग फौजदाराकडे न बघताच म्हणाले, “ती काय सांगते ते लिहा, साहेब.”

“पण मग तुमची तक्रार…”

“मोटार चोरीला गेली, ही माझी तक्रार. ती आहेच. कुणी नेली ते शोधा. हा गाडीत होता म्हणते, तर गाडीत होता.”

ते वळले आणि निघून गेले. शर्वरीला मागे बसवून नेलं नाही. ती एसटीनं परतली.

त्या दिवसापासून घरात तिच्याशी कुणी धड बोलेना. आई ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. भागीदारानं घरी येणं सोडलं. चुलतभाऊ जाता येता तिला साक्षीदार म्हणायला लागला. मोठेबाबा तिच्याआधी जेवून उठत.

गुरुवारी मात्र तिनं पहाटे दार उघडलं, तर मोठेबाबा मोटारसायकल सुरू करून अंगणात उभे. त्यांनी तिला स्टँडवर सोडलं. वाटेत एक शब्द नाही. गाडी लागल्यावर तिच्यासाठी खिडकीजवळची जागा मात्र त्यांनीच धरली.

शुक्रवारी ती टेकडी चढून आश्रमात आली. दंडवत केला.

“परिसंवाद कसा झाला?” बाईंनी विचारलं.

“भाषण म्हटलं नाही, बाई. मास्तरणीला सोडून दिलं. पूर्ण वेळ पोस्टमास्तरवर बोलले. अडखळले पुष्कळदा.”

“मग?”

“टाळ्या कमी पडल्या. एका सरांनी विचारलं, एवढ्या छोट्या पात्राचा एवढा अभ्यास कसा काय केलात?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, ओळखीचा आहे.”

बाई हसल्या. शर्वरीनं त्यांना एवढं मोकळं हसताना प्रथमच पाहिलं. तीही हसली. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी अडलेलं होतं.

“सुरमल सुटला?” बाईंनी विचारलं.

“सुटला. त्याच दिवशी. मी फाटकाशी थांबले होते.” ती घुटमळली. “बाई, एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचार.”

“तो बाहेर आला. लंगडत होता. एक कान सुजलेला. मी पुढे झाले. वाटलं, काहीतरी बोलेल. निदान बघेल तरी. त्यानं पाहिलंही, पण… भिंतीकडे बघावं तसं. सरळ लेकीकडे गेला आणि तिला उचललं.”

“बरं.”

“मी घरच्यांच्या विरोधात गेले, बाई. आई बोलत नाही माझ्याशी. पुढे माझं काय होईल, माहीत नाही. आणि त्याच्याकडून एक शब्दसुद्धा नाही. बरं केलंस पोरी, एवढंही नाही.”

बाईंनी विचारलं, “त्याचा कान कधी सुजला?”

“आत असताना. मारलं असणार त्याला.”

“पहिल्या दिवशी, की नंतर?”

शर्वरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग तिच्या लक्षात आलं. रात्रीचं जेवण. त्यानंतरचे दिवस. टेकडी चढताना म्हटलेलं पाठांतर.

…

“माहीत नाही,” ती म्हणाली.

खाली गावात पिठाची गिरणी सुरू झाली होती. तिची टकटक वर ओसरीपर्यंत ऐकू येत होती.

“आणि त्याची बायको?” बाईंनी विचारलं. “फाटकाशी बसली होती, ती?”

“गुलछडी. हां, ती आली माझ्याकडे. मला वाटलं, आता ही तरी आभार मानेल.”

“मानले?”

“नाही. कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. काच फुटलेला. म्हणाली, ताई, तुमचा नंबर सांगा. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, पुन्हा नेतीलच न याले. पुढच्या खेपेले कोणाले बोलवू, हे तं ठाऊक पाहिजे.”

शर्वरीनं ओढणी सावरली.

“मी काय तिच्यासाठी… म्हणजे, बाई, मला वाटलं होतं, एकदा खरं बोलले की झालं. आणि ती पुढच्या वेळचं बोलत होती. अगदी सहज. बाजारात भाव विचारावा तसं.”

“नंबर दिलास?”

“दिला.”

“खरा?”

शर्वरी चमकली. मग मान हलवून म्हणाली, “खरा. तिनं तिथल्या तिथे लावून बघितला. माझा वाजल्यावर म्हणाली, हां, लागते.”

बाई उठल्या. त्यांनी ओसरीवरचं पुस्तक उचलून तिच्या हातात दिलं आणि तिला पायऱ्यांपर्यंत सोडायला आल्या.

“बाई,” शर्वरीनं खालच्या पायरीवरून विचारलं, “मी आता काय करायचं?”

“फोन चार्ज करून ठेवत जा.”